किनाऱ्यावरचे पक्षी कोण उचलतं?

रविवारी चर्चमधून घरी येताना ड्रुसिला पार्डीने मुद्दाम किनाऱ्याची वाट धरली आणि भरतीच्या रेघेवर पडलेले मेलेले पक्षी मोजले. सात भरले. शनिवारच्या वादळाने आणून टाकलेले, काळ्या पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे, टर नावाचे समुद्रपक्षी. त्यातल्या दोघांच्या छातीला जहाजांचं काळं तेल चिकटलेलं होतं. सोमवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती चार पोरांना घेऊन त्याच जागी उतरली, तर गोट्यांवर शेवाळाशिवाय काही नव्हतं. पीससुद्धा नाही.

"मावशी, ते उडून गेले का?" रोझेलाने विचारलं.

"मेलेला पक्षी उडतो का गं?"

"नाही."

"मग कशाला विचारतेस?" असं म्हणत ड्रुसिला खाली वाकली आणि काठीने गोटे उलटेपालटे करू लागली. कोल्ह्याने नेले असते तर पिसं सांडली असती. कुरव या समुद्रपक्ष्यांनी खाल्ले असते तर निदान पंख राहिले असते, पंखांत त्यांना खाण्यासारखं काही नसतं. आणि भरतीने ओढून नेले असते तर हे शेवाळही गेलं असतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वरच्या चाळीस घरांकडे एकेक करून बघू लागली. हे माणसाचं काम होतं.

ब्रिम कोव्ह म्हणजे न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं एक चिमुकलं गाव. तिथे मोठ्या वयाच्या बाईला सगळेच मावशी म्हणतात, तशी ही ड्रुसी मावशी. वय त्रेसष्ट, अंगाने काटकुळी, आणि नजर अशी की समोरच्याला आपण काहीतरी चोरलंय असं उगाच वाटावं. एकोणीस वर्षांची असताना तिने पहिलं प्रेत धुतलं, ते स्वतःच्या सासूचं. घरात दुसरं कुणी पुढे होईना म्हणून ती झाली. मग गावात कुणी गेलं की तिलाच बोलावणं यायचं. गरम पाण्याची परात, पाण्यात जरासं व्हिनेगर, हनुवटीला बांधायला पट्टी, डोळ्यांवर ठेवायला दोन नाणी आणि एक कंगवा. स्वतःच्या नवऱ्याला, समुद्राने पाचव्या दिवशी परत दिलेल्या अ‍ॅबसलमला, तिने याच हातांनी धुतलं आणि त्याच रात्री पाहुण्यांसाठी पावही भाजले.

मेलेलं माणूस तिच्यापासून काही लपवू शकत नसे. कुणाच्या बरगडीवर जुनी मारहाण, कुणाच्या उशीखाली बाटली, कुणाच्या गळ्यातल्या दोऱ्यात भलत्याच माणसाची अंगठी. हे सगळं तिने पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. पण त्याचा एक परिणाम झाला. जिवंतपणी माणसं केवढं लपवतात हे तिला कळलं, आणि मग कुणी नुसतं "आज हवा छान आहे" म्हटलं तरी ती मनाशी म्हणे, याला काय हवंय?

पुढे गावापर्यंत डांबरी रस्ता आला आणि त्या रस्त्यावरून शहरातल्या अंत्यविधीवाल्याची काळी गाडी यायला लागली. प्रेत शहरात जायचं आणि पावडर लावून, बंद पेटीत परत यायचं. अकरा वर्षांत ड्रुसिलाला एकदाही बोलावणं आलं नव्हतं. त्याऐवजी आता तिच्याकडे पोरं येत. आया मासळीच्या कारखान्यात पाच वाजेपर्यंत उभ्या असत, तोवर ती त्यांना काकवी लावलेला पाव द्यायची आणि सांभाळायची. गार्लंड काका वारले तेव्हा राइडआउटांच्या जुळ्यांनी तिला विचारलं, "गार्लंड काका पेटीतून बाहेर कधी येणार?" सात वर्षांची पोरं! बंदराच्या गावात वाढलेली! ड्रुसिलाने पाव तसाच ठेवला, पोरांना कोट चढवले आणि किनाऱ्यावर एक मेलेला पक्षी शोधून त्याच्याभोवती बसवलं.

तेव्हापासून हा नेम झाला. हात लावायचा नाही, काठीनेच. हसायचं नाही. घरी आल्यावर कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. पक्ष्याभोवती बसलं की ती विचारायची,

"श्वास घेतो?"

"नाही!"

"भूक लागते?"

"नाही!"

"थंडी वाजते? दुखतं?"

"नाही! नाही!"

"परत येणार?"

"नाही!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पक्षी बघायचा, आठवड्याने पुन्हा. आधी डोळे जातात, कारण कुरवांना ते आवडतात. मग पोट. मग किडे येतात. मग एक दिवस नुसती हाडं, स्वच्छ, पांढरी. पोरांना भीती वाटली नाही. जुळे तर किड्यांना एकेक नाव देऊ लागले.

चौघांत एकच पोरगी शेवटच्या प्रश्नाला "नाही" म्हणत नसे. ती आयव्ही, सहा वर्षांची, ह्यूबर्ट स्नूकची मुलगी. तिची आई मार्जोरी फेब्रुवारीत शहरातल्या इस्पितळात वारली. पेटी आली ती बंदच. चर्चमध्येही उघडली नाही. कर्करोग झाला होता असं सगळे म्हणत, आणि तसं असेलही, पण मग पेटी बंद का? ड्रुसिला तिसऱ्या बाकावर बसून त्या झाकणाकडे बघत राहिली होती. मार्जोरी तिच्या हातांवर वाढलेली पोर. तिला शेवटचं बघायलाही ड्रुसिलाला कुणी बोलावलं नाही. ह्यूबर्ट काहीतरी लपवतोय हे तिने तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं होतं.

आता पक्षी नाहीसे व्हायला लागले तेव्हा मात्र तिचा पहिला संशय ह्यूबर्टवर गेला नाही. गेला तो नव्या पाद्र्यावर. हा तरुण मुलगा शहरातून आला होता आणि मुलांशी फार गोड बोलायचा. त्याच्यावर तिचा विश्वास नव्हताच. मंगळवारी ती त्याच्या दारात गेली आणि त्याच्या बुटांकडे बघत म्हणाली, "फादर, तुम्ही किनाऱ्यावर फिरता का?"

"नाही हो, मला सर्दीचा त्रास आहे."

बूट कोरडे होते. शिंकलाही बिचारा. यादीतून एक नाव गेलं.

बुधवारी वारा पुन्हा वाढला आणि गुरुवारी दुपारी वरच्या वाटेवरून तिला तीन पक्षी दिसले. ती एकटीच खाली गेली आणि एकाच्या पायाला तिने लाल लोकरीचा धागा बांधला. शुक्रवारी तिन्ही गायब. वाळूच्या एका पट्ट्यावर रबरी बुटांचे ठसे होते, पण ब्रिम कोव्हमध्ये रबरी बूट नाहीत असं घर कुठलं? ती राइडआउटांच्या घरी गेली आणि दारातले बूट उलटे करून तळवे बघू लागली. जुळ्यांची आई पावाच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"मावशी, काय शोधताय?"

"काही नाही. तुमची शेड उघडी आहे का?"

"उघडी आहे. का?"

"अशीच." आणि तिने शेडमध्ये डोकावलंसुद्धा. पोरांच्या आईचा चेहरा ड्रुसिलाने पाहिला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी तिला ते सापडलं. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पूर्वी मासे वाळवायचे माच होते, तिथे गवतात चौकोनी तुकडे कापून पुन्हा नीट बसवलेले दिसत होते. प्रत्येक तुकड्यावर एकेक चपटा दगड. तिने मोजले, सतरा; म्हणजे तिने पाहिलेल्या दहांच्याही आधीपासून हे चालू होतं. सतराही एका ओळीत, दगड पश्चिमेच्या टोकाला आणि पाय पूर्वेला येतील असे, जसे दफनभूमीत माणसांचे असतात. कुणी पक्षी समुद्रात फेकले असते, जाळले असते, तर तिला राग आला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण हे कोण करतंय? आणि इतक्या निगुतीने?

तिने बोटांनी शेवटचा तुकडा उचलला. आत पक्षी होता, पायाला लाल लोकर. आणि तो कापडात गुंडाळलेला होता. फ्लॅनेलचं कापड, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं.

हे कापड तिच्या ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद होत होतं तेव्हा लव्हिनिया टकने त्याचा अख्खा तागा घेतला होता. लव्हिनिया म्हणजे समोरच्या घरातली, रोझेलाची आजी, ड्रुसिलाची चाळीस वर्षांची मैत्रीण. आणि हीच लव्हिनिया मागच्या महिन्यात पत्ते वाटता वाटता म्हणाली होती, "पोरांना मढी कसली दाखवतेस गं? त्यांना विणकाम शिकव." सगळं जुळलं. ड्रुसिलाने कापडाची एक कड फाडली, पक्ष्याला पुन्हा झाकलं आणि तडक लव्हिनियाच्या स्वयंपाकघरात गेली.

"हे कापड ओळखतेस?"

लव्हिनियाने चष्मा चढवला. तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि नाक मुरडलं. "शी! कशात घातलं होतंस हे?"

"तेच मी तुला विचारणार होते."

"मला काय ठाऊक?"

"तागा तुझा आहे."

"तागा माझा आहे म्हणून काय झालं? निम्म्या गावाच्या उशांना ते कापड आहे. तुझ्या पण." मग तिच्या लक्षात आलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "थांब. तुझे ते मेलेले पक्षी मी नेते असं म्हणायचंय तुला?"

"म्हणत नाही. विचारतेय."

"तू विचारत नाहीस ड्रुसी, तू उलटतपासणी घेतेस! दुकानदार तुला जुनं पीठ देतो. पाद्री तुझ्याकडे बघूनच उपदेश करतो. तुझ्या कोंबडीने अंडं दिलं नाही तर तिच्यावरही तुझा डोळा. आणि आता मी पक्षी चोरते! या वयात! या गुडघ्यांनी!"

"मग कापड कुणाकडे गेलं?"

"ते मला ठाऊक आहे. या तुकड्याला शिवण आहे ना, ती माझीच आहे. कुणासाठी शिवलं तेही आठवतं मला." लव्हिनिया उठली आणि दार उघडून उभी राहिली. "नीट विचारलं असतंस तर सांगितलंही असतं. आता नाही सांगत. ऊठ."

चाळीस वर्षांत त्या घरातून ड्रुसिला पहिल्यांदाच चहा न घेता बाहेर पडली. रस्ता ओलांडतानाही ती विचार करत होती: खरं बोलली की बनाव केला?

रविवारी ती चर्चला गेली नाही. सोमवारी पहाटे, अजून धुकं हललेलं नसताना, ती किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या जुन्या होडीच्या आडोशाला जाऊन बसली. अंगावर अ‍ॅबसलमचा जाड कोट, खिशात कोरडा पाव. गोट्यांवर दोन पक्षी पडलेले तिला दिसत होते. एकाचे डोळे कुरवांनी आधीच नेले होते.

उजाडता उजाडता कारखान्याच्या बाजूने एक माणूस आला. खांद्यावर फावडं, हातात कापडी पिशवी. तो पक्ष्याजवळ गुडघे टेकून बसला. पक्ष्याचं तोंड त्याने हलकेच बाजूला वळवलं, जणू ती रिकामी खोबण कुणाला दिसू नये. मग पिशवीतून निळ्या फुलांचं फडकं काढलं.

"ह्यूबर्ट."

ह्यूबर्ट स्नूकच्या हातातून फडकं पडलं. "देवा रे! मावशी, जीव घेणार आहात का माझा?"

"ते मागाहून बघू. हे काय चाललंय?"

तो उठला नाही. पडलेलं फडकं त्याने उचललं आणि त्याची घडी घातली. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण त्या धुक्यात लहान पोरासारखा दिसत होता.

"कुणी सांगितलं तुला हे करायला? लव्हिनियाने?"

"कुणी नाही सांगितलं. दर गोष्टीमागे कुणीतरी असतंच का मावशी?"

"असतं. बहुतेक वेळा."

"आयव्ही आहे." त्याने पक्ष्याच्या डोळ्याच्या जागी बोट दाखवलं. "महिन्यापूर्वी रात्री जेवताना तिने विचारलं, बाबा, माझ्या आईचे डोळे कुणी खाल्ले? मी म्हटलं, हे काय बोलतेस. तर म्हणाली, आधी डोळे जातात, मावशीने दाखवलंय. मग रोज तेच. आता किडे आले असतील का? आता हाडं झाली असतील का? माझ्या घशाखाली घास उतरेना. मला वाटलं, पक्षीच दिसले नाहीत तर विसरेल."

पाद्री, राइडआउट, लव्हिनिया, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. आपणच पोरीच्या ताटात काय वाढून ठेवलं, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"मग माझ्याकडे यायचं होतंस."

"आणि तुम्ही म्हणाला असता, नको पाठवू उद्यापासून. मग मी तिला ठेवू कुठे? शाळा तीनला सुटते, कारखाना पाचला."

"आणि हे पुरणं? हे कापड?"

"मार्जोरीचे झगे आहेत. लव्हिनिया मावशीने शिवून दिले होते, ती आजारी पडली तेव्हा. तीन उरले होते. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकवेनात, दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघवले नसते. जाळवेनातही. पहिला पक्षी पुरायला घेतला आणि... काहीतरी गुंडाळावंसं वाटलं. एवढंच."

एवढंच नव्हतं. ड्रुसिलाच्या मनात फेब्रुवारीपासूनचा प्रश्न अडकून बसला होता आणि आता तो बाहेर पडला.

"पेटी बंद का ठेवलीस?"

ह्यूबर्टने वर पाहिलं. "हेच विचारायचं होतं ना तुम्हाला? चर्चमध्ये तुमची नजर माझ्या मानेवर लागत होती. शेवटी आयव्हीला उचलतो तसं मी मार्जोरीला एका हाताने उचलत होतो. तिनेच सांगितलं, मला असं कुणाला दाखवू नकोस. ड्रुसी मावशीलाही नको."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं. म्हणाली, तिने मला न्हाऊमाखू घातलंय लहानपणी. तिला हे बघवणार नाही."

ड्रुसिला पालथ्या होडीवर टेकली. इतके महिने ती समजत होती की तिला टाळलं. मग तिने खिशातला पाव काढला, मोडला आणि अर्धा ह्यूबर्टच्या हातात ठेवला.

"खा. आणि पाचला कारखाना सुटला की सरळ माझ्या घरी ये. पोरीला माझ्याकडेच थांबवते."

"काय करणार आहात?"

"माझ्याकडे असा संशयाने बघू नकोस," ड्रुसिला म्हणाली. "येऊन बघ."

संध्याकाळी बाकीची पोरं घरी गेली. ह्यूबर्ट आला तो दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. चुलीवर पाणी तापत होतं. ड्रुसिलाने परात स्टुलावर ठेवली, स्वच्छ पंचा आणि कंगवा काढला, आणि बूट काढून स्वयंपाकघरातल्या दिवाणावर उताणी आडवी झाली.

"आयव्ही, इकडे ये. मी तुम्हाला पक्ष्यांचं सांगितलं, माणसांचं सांगायचं राहिलं. चूक माझी. आता मी मेले असं समज."

आयव्हीने बापाकडे पाहिलं, मग मावशीकडे. "खरं नाही ना?"

"खरं नाही. खरी मेले तर बोलेन का? पक्ष्याला कुणी नसतं गं, म्हणून तो तसाच पडून राहतो आणि कुरव येतात. माणसाला माणसं असतात. आधी काय करतात, तर डोळे मिटतात. मीट."

पोरीने दोन बोटांनी पापण्या खाली ओढल्या. एक पापणी पुन्हा उघडली.

"मावशी, नीट मर ना!"

"बरं बरं. म्हातारपणी पापण्याही ऐकत नाहीत. आता पंचा भिजव, पीळ. पाणी कोमट आहे ना?"

"मेलेल्यांना थंडी वाजत नाही, तूच सांगितलंस."

"वाजत नाही. तरीही कोमटच घ्यायचं. ते धुणाऱ्याच्या हातांसाठी."

आयव्हीने तिचं कपाळ पुसलं, गाल पुसले, कानांमागे पुसलं, जसं रोज तिचं कुणीतरी पुसत होतं एकेकाळी. नाकात पाणी गेलं तेव्हा प्रेत शिंकलं. पोरगी खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण हसायचं नाही असा नेम होता.

"हस," ड्रुसिला डोळे मिटूनच म्हणाली. "माणसांच्या वेळी हसलेलं चालतं. मी कितीदा हसलेय. आता केस."

केस विंचरता विंचरता कंगवा थांबला. "आईचे तू विंचरलेस?"

"नाही. मी तिथे नव्हते."

"मग कुणी?"

दारातून ह्यूबर्ट म्हणाला, "मी."

आयव्ही वळली.

"नर्सबाईंनी अंग पुसलं. केस मी विंचरले. थोडेच उरले होते, पण विंचरले. डोळे पण मीच मिटले. निळ्या फुलांचा झगा घातला, तो आणखी एक होता, चौथा. आणि मग झाकण लावलं. कुरव तिथे येत नाहीत, आयव्ही. मी स्वतः लावलंय झाकण."

"घट्ट?"

"घट्ट."

"मग किडे?"

ह्यूबर्टने मान खाली घातली. ड्रुसिलाने एक डोळा उघडला. खोटं सांगायचं तर हीच वेळ होती, आणि तिला ते जमलं नसतं. "ते येतात," ती म्हणाली. "उशिराने येतात, पण येतात. तोवर तिला काही कळत नसतं. ते डोळे, ते केस, ते तिने वापरून झालेत."

आयव्हीने कंगवा उचलला आणि मावशीच्या केसांचा भांग पाडला, अगदी वाकडा. "परत येणार नाही," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. मग ती बापाजवळ गेली आणि त्याच्या कोटात तोंड खुपसून रडू लागली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच, असं ह्यूबर्टने नंतर सांगितलं. ड्रुसिला दिवाणावरून हलली नाही. तिला वाटलं, या वेळी मेलेलंच राहिलेलं बरं.

सगळं काही सुरळीत झालं असं मात्र नाही. राइडआउटांनी जुळ्यांना दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं. "आमच्या शेडमध्ये काय सापडलं मावशी?" एवढंच पोरांच्या आईने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं. जुळे तिला लांबून हात करत, आईचं लक्ष नसेल तेव्हा.

लव्हिनियाकडे ती आठवड्याने गेली. हातात लाल रानबेरीच्या जॅमची बरणी. लव्हिनियाने दार अर्धंच उघडलं.

"ह्यूबर्ट होता," ड्रुसिला म्हणाली.

"मला ठाऊक होतं."

"सांगितलं असतंस तर!"

"आणि तू त्याच्या दारात जाऊन त्याचेही बूट उलटे केले असतेस. मार्जोरीला जाऊन तीन महिने झाले नव्हते." लव्हिनियाने बरणी घेतली, उजेडात धरून पाहिली. "यात काय घातलंयस?"

"बेरी आणि साखर. काय घालणार?"

"काय माहीत. आता मीही संशय घ्यायचा ठरवलंय." आणि दार लावून घेतलं. पत्त्यांचा डाव पुन्हा सुरू व्हायला शरद ऋतू उजाडला, आणि तेव्हाही पहिले काही दिवस लव्हिनिया आपले पत्ते छातीशी धरून खेळायची.

किनाऱ्यावर ड्रुसिला रोझेलाला आणि आयव्हीला घेऊन जातच राहिली. ह्यूबर्टने पुन्हा पक्षी उचलले नाहीत. दोन वर्षांनी त्याला मुख्य भूमीवर, ऑन्टॅरिओत काम मिळालं आणि तो आयव्हीला घेऊन निघून गेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत ड्रुसिला खिडकीत उभी होती. आपल्याला सोडून जायचं त्याचं आधीपासूनच ठरलं असणार, असं ती लव्हिनियाला म्हणाली. लव्हिनियाने तिला चहा प्यायला लावला.

आयव्ही बारा वर्षांची झाली तेव्हा तिचं एक लांबलचक पत्र आलं. शाळेविषयी, बर्फावरच्या खेळाविषयी, दोन मैत्रिणींच्या भांडणाविषयी. शेवटी लिहिलं होतं: बाबा लग्न करणार आहेत. ती बाई माझ्याशी चांगली वागते. पण ती खरंच चांगली आहे की नाही हे मला कळत नाही. मावशी, तू माणसं कशी ओळखतेस?

ड्रुसिलाने पत्र दोनदा वाचलं आणि रस्ता ओलांडून लव्हिनियाकडे नेलं. दोघी टेबलाशी बसल्या. ड्रुसिलाने कोरा कागद पुढे ओढला, पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"लिही की," लव्हिनिया म्हणाली. "हा तर तुझा विषय."

"मला ओळखता येत नाहीत, असं लिहू?"

"खरं तेच लिही."

"पोरगी घाबरेल."

"घाबरली तर घाबरली. बुटांचे तळवे बघ असं तरी नको लिहूस." लव्हिनियाने चष्मा पुसून तिला दिला, कारण ड्रुसिला आपला घरी विसरली होती. "ती बाई हसते कशी, ते विचार आधी. जेवताना ह्यूबर्टकडे बघते की ताटाकडे, ते विचार. आणि घाई करू नकोस म्हणावं."

ड्रुसिलाने लिहायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत तिने लिहिलं की इथे हवा छान आहे.